ईएनटीचा थिसीस करायचाय? नाशिकमधल्या नव्या रेसिडेंटसाठी, टॉपिकपासून सबमिशनपर्यंत

ईएनटीला (कान-नाक-घसा) ॲडमिशन झाली की पहिल्याच महिन्यात "टॉपिक काय घेतला?" सुरू होतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा आपल्याला ओपीडीत कानाचा पडदा धड दिसत पण नसतो. मग सिनियरच्या पेनड्राइव्हमधून जुने थिसीस निघतात, त्यातला एक उचलायचा, गाव आणि साल बदलायचं, झालं काम. असं करून पास होता येतं, नाही असं नाही. पण तीन वर्षांत एक अभ्यास स्वतःच्या हाताने करायला मिळतोय तर तो नीट करावा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे एमएस नाहीतर डीएनबीच्या पहिल्या वर्षाची मंडळी, नाशिकमध्ये नवीन आलेली, आणि रिसर्च म्हटलं की पोटात गोळा येणारी.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. अभ्यासाची आखणी शेवटच्या व्हिजिटपासून मागे मागे करत या. पेशंट शेवटचा कधी भेटणार, त्या दिवशी आपण काय मोजणार, आणि तो सुरगाण्याहून किंवा पेठहून खरंच येणार का, हे एकदा ठरलं की टॉपिक, सॅम्पल साइझ, प्रोफॉर्मा (पेशंटची माहिती भरायचा फॉर्म) हे सगळं बरंच सोपं होतं. बहुतेक जण पुढून सुरू करतात, भारीतला टॉपिक घेतात, आणि तिसऱ्या वर्षी एक्सेलमध्ये अर्ध्या रो रिकाम्या घेऊन बसतात.

पायरी १: टॉपिक शोधायच्या आधी वही घ्या

पहिले पंधरा दिवस ओपीडीत एक छोटी वही ठेवा. रोज कोण आलं, कशासाठी आलं, कुठून आलं, आणि परत आलं का, एवढंच लिहायचं. नाव लिहू नका, गरज नाही. तक्रार मात्र पेशंटच्याच शब्दांत लिहा: "कान फुटलाय", "घोळणा फुटतो", "नाकाचं हाड वाढलंय म्हणे", "उशीवर कूस बदलली की घेरी येते", "घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं". हे शब्द पुढे प्रोफॉर्मात आणि संमतीपत्रात कामाला येतात.

दोन आठवड्यांत दिसेल की निम्मी ओपीडी चार-पाच आजारांचीच आहे. वाहणारा कान, ॲलर्जीची सर्दी, टॉन्सिल, चक्कर, कमी ऐकू येणं. हेच टॉपिक. दुर्मिळ ट्यूमरच्या मागे लागू नका, तीन वर्षांत पाच केस मिळाल्या तर त्याची केस सिरीज होईल, थिसीस होणार नाही.

आता नाशिकचं म्हणून काय काय आहे ते बघा. सातपूर आणि अंबडची एमआयडीसी आहे, तिथे प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले लोक येतात आणि ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात) ४००० हर्ट्झला खड्डा दिसतो. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल पथकांचा सराव चालतो, त्यातली पोरं विशीतली, कानाला काही लावत नाहीत, सरावाच्या आधी आणि लगेच नंतर ऑडिओमेट्री केली तर तात्पुरता थ्रेशोल्ड शिफ्ट, म्हणजे थोड्या वेळापुरतं कमी झालेलं ऐकणं, मोजता येतो. निफाड-दिंडोरीला द्राक्षबागेत फवारणी करणारे, लासलगावकडे कांद्याच्या चाळीत आणि शेडवर काम करणाऱ्या बायका, यांच्यात नाकाच्या तक्रारी किती आणि कुठल्या, हा प्रश्न इथे बसून विचारता येतो, पुण्या-मुंबईच्या कॉलेजातून तो सुचणार पण नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळा कसा असतो माहितीये ना, त्या दिवसांत ऑटोमायकोसिस म्हणजे कानातली बुरशी रांगेने येते. उन्हाळ्यात घोळणा फुटलेली मुलं.

प्रत्येकाला शेवटच्या व्हिजिटचा प्रश्न लावून बघा. बीपीपीव्ही (डोकं हलवलं की येणारी चक्कर) घेतला, डिक्स-हॉलपाइक ही तपासणी पॉझिटिव्ह, एप्ली केलं (डोकं ठरावीक क्रमाने फिरवायचा उपचार), आठवड्याने परत डिक्स-हॉलपाइक, संपलं. ज्याला गरगरतंय तो पेशंट आठवड्याने येतोच. ऑटोमायकोसिस दोन आठवड्यांत कळतं. ढोल पथकात तर तीच पोरं त्याच संध्याकाळी समोर असतात. याउलट टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे कानाच्या फाटक्या पडद्याचं ऑपरेशन: लावलेला ग्राफ्ट टिकला का हे तीन महिन्यांनी, खरं तर सहा महिन्यांनी बघायचं, आणि कान कोरडा झाला की पेशंट म्हणतो आता कशाला जायचं, एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी. टिम्पॅनोप्लास्टी घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, पडद्याला फेशिया (स्नायूवरचं पातळ आवरण) लावायचा का कार्टिलेज (कूर्चा) हा वाद अजूनही रंगतो, पण घेतला तर पहिल्या वर्षाच्या शेवटापर्यंत निम्म्या केस झालेल्या पाहिजेत.

फॉलो-अपची फारच धास्ती असेल तर ज्यात पहिली भेट हीच शेवटची असते असा अभ्यास निवडा. उदाहरणार्थ ॲडेनॉइडला (नाकामागच्या गाठीला) एक्स-रे काय सांगतो आणि एंडोस्कोपी काय सांगते, किंवा सीटी पीएनएसचं (सायनसच्या सीटी स्कॅनचं) रिपोर्टिंग आणि ऑपरेशनमध्ये प्रत्यक्ष दिसलेलं यात किती जुळतं. फक्त एक अट, तपासणी पेशंटच्या उपचारासाठी लागणारच होती असं असावं. नुसतं आपल्या थिसीससाठी लेकराला एक्स-रेखाली घातलं तर एथिक्स कमिटी अडवणारच, आणि अडवावंच.

पायरी २: वाचन

पबमेडवर बसा, कोक्रेनचे रिव्ह्यू बघा, झोटेरो किंवा मेंडेले पहिल्या दिवसापासून वापरा म्हणजे शेवटी रेफरन्सचे नंबर हाताने बदलत बसावं लागणार नाही. दोन अभ्यास मात्र टॉपिक कुठलाही असो, वाचाच, कारण त्यातून क्लिनिकल रिसर्च कशाशी खातात ते कळतं.

पहिला बेल्स पाल्सीचा, २००७ साली आलेला स्कॉटलंडमधला, ५५१ पेशंट. तोंड वाकडं झाल्यापासून ७२ तासांच्या आत उपचार सुरू केले. प्रेडनिसोलोन मिळालेल्यांपैकी ९४.४ टक्के नऊ महिन्यांनी पूर्ण बरे. झकास ना? आता दुसरा आकडा बघा, प्रेडनिसोलोन न मिळालेल्यांपैकी ८१.६ टक्के पण बरे झालेच होते. असायक्लोव्हिरने वेगळा फायदा काही दिसला नाही. समजा तुम्ही चाळीस पेशंट घेतले, सगळ्यांना स्टेरॉइड, व्हिटॅमिन आणि फिजिओथेरपी दिली आणि लिहिलं की ३६ बरे झाले. आता त्यातलं औषधाचं श्रेय किती आणि निसर्गाचं किती, सांगा बरं. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या ३६ ला काही अर्थ उरत नाही. आपल्या ईएनटीत आपोआप बरे होणारे आजार भरपूर आहेत, बीपीपीव्ही, ओटायटिस मीडिया, साधा घसा, म्हणून हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

दुसरा नोपॅक, ब्रिटनमधला, नाकातून रक्त येणाऱ्या ४९६ पेशंटचा, २०२१ साली छापून आला. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापूस नाकात ठेवला तर पॅकिंग टळतं का? आधीच्या छोट्या अभ्यासांवरून खूप आशा होती. इथे एका गटाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी, डॉक्टरलाही माहीत नाही कुठलं कोणतं. निकाल असा की दोन्हीकडे चाळीस टक्क्यांच्या थोडं वर लोकांना पॅकिंग लागलंच, फरक नाही. औषध फेल गेलं तरी अभ्यास उत्तम ठरला, हे नव्या माणसाने नीट समजून घ्यावं कारण आपल्याकडे "निगेटिव्ह रिझल्ट आला तर सर काय म्हणतील" या भीतीने लोक आकडे कुरवाळत बसतात.

पायरी ३: प्रश्न एका वाक्यात, आणि मोजमाप एकच मुख्य

पिको सगळ्यांना शिकवतात: कोणते पेशंट, काय करणार, कशाशी तुलना, काय मोजणार. हे एका वाक्यात मराठीत बोलून बघा, घरच्यांना सांगून बघा. "पोस्टिरियर कॅनल बीपीपीव्हीच्या मोठ्या माणसांमध्ये एप्ली केलेल्या आणि सेमाँ (तसाच दुसरा उपचार) केलेल्या किती जणांची डिक्स-हॉलपाइक आठवड्याने निगेटिव्ह येते." झालं. "क्लिनिकल प्रोफाइल ऑफ अमुक इन टर्शरी केअर सेंटर" यात प्रश्न कुठाय? असे थिसीस दरवर्षी ढीगभर होतात, शेवटी पुरुष किती, बायका किती आणि कुठल्या वयोगटात जास्त, असे पाय चार्ट निघतात. करायचंच असेल तर त्यात किमान एक टोकदार प्रश्न घाला, जसं की पेठ-सुरगाण्याकडच्या पेशंटचा कान किती वर्षं वाहिल्यावर तो आपल्यापर्यंत पोचतो आणि तेव्हा ऐकू किती येत असतं.

व्याख्या आधीच पक्क्या करा. सीएसओएम म्हणजे किती दिवस वाहणारा कान? डब्ल्यूएचओ किमान दोन आठवडे धरते, कुणी सहा आठवडे म्हणतं, कुणी तीन महिने. कुठलीही घ्या पण एकच घ्या आणि लिहून ठेवा. ॲलर्जिक ऱ्हायनायटिसला एआरआयएचं वर्गीकरण आहे, आठवड्यातून चार दिवसांपेक्षा कमी किंवा सलग चार आठवड्यांपेक्षा कमी त्रास असेल तर इंटरमिटंट, दोन्ही ओलांडलं तर पर्सिस्टंट, आणि झोप, काम, शाळा यावर परिणाम होतोय का त्यावरून माइल्ड की मॉडरेट-सिव्हिअर. टॉन्सिलेक्टॉमीच्या केसला पॅराडाइजचे निकष: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा तीन वर्षं दरवर्षी ३. आता खरं सांगा, आपल्या ओपीडीत आईला मागच्या वर्षी घसा नेमका किती वेळा आला ते आठवत असतं का? नाही. मग "आईच्या सांगण्यावरून" असं प्रामाणिकपणे प्रोटोकॉलमध्ये लिहा.

मोजपट्ट्या तयार आहेत, नवीन शोधायच्या भानगडीत पडू नका. नाक चोंदण्यासाठी नोज स्केल, पाच प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरजेला ५ ने गुणायचं म्हणजे ० ते १००. सायनसला स्नॉट-२२, बावीस प्रश्न, ० ते ५, म्हणजे जास्तीत जास्त ११०, आकडा जास्त तितका त्रास जास्त, आणि साधारण ९ गुणांनी उतरला तरच पेशंटला फरक जाणवतो असं धरतात. या प्रश्नावल्या वापरायला कुणाची परवानगी लागते का आणि तपासलेलं मराठी भाषांतर आहे का ते आधी बघा, ओपीडीत उभ्या उभ्या आपल्या मनाने मराठी करून विचारलं तर सकाळी एक प्रश्न होतो आणि दुपारी दुसराच.

ऑडिओमेट्रीचं म्हणाल तर मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कधीचं आहे ते सुरुवातीलाच विचारा, थोडं अवघड वाटतं पण विचारा. प्युअर टोन ॲव्हरेज कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काढणार (५००, १०००, २००० घेणार की ४००० पण) ते लिहून ठेवा. आवाजाचा अभ्यास असेल तर बेसलाइन टेस्टच्या आधी किमान १४ तास माणूस गोंगाटापासून लांब असला पाहिजे, म्हणजे कंपनीच्या नाइट शिफ्टवरून थेट आलेल्याची बेसलाइन चालणार नाही.

पायरी ४: किती पेशंट?

पीएसएमवाल्या (सामाजिक वैद्यक विभागाच्या) सरांकडे जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. "सर, सॅम्पल साइझ काढून द्या" म्हटलं की ते विचारणार, आधीच्या अभ्यासात प्रमाण किती आहे, तुम्हाला किती फरक पकडायचाय. ते वाचून जा.

किती टक्के लोकांना अमुक आहे, एवढंच काढायचं असेल तर ४पीक्यू भागिले डी वर्ग हे सूत्र चालतं (पी म्हणजे आधीची टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चालणारी चूक). समजा आधीच्या अभ्यासात ८० टक्के आहे आणि आपल्याला १० टक्के इकडेतिकडे चालणार आहे, तर ४ गुणिले ८० गुणिले २० भागिले १००, म्हणजे ६४. आता आपल्याकडे वीस टक्के लोक परत येणार नाहीत असं धरलं तर ६४ भागिले ०.८, म्हणजे ८० घ्यायचे. वीस टक्के कुठून आले? वहीतून. म्हणूनच "परत आलं का" हा रकाना ठेवायला सांगितलं होतं. दोन उपचारांची तुलना असेल तर सूत्र वेगळं, ते सरांनाच काढू द्या, ओपनएपीवर तुम्हीही करून बघा म्हणजे डोळे झाकून आकडा उचलला असं होणार नाही.

रँडमायझेशन (कुणाला कुठला गट हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं) करणार असाल तर सोमवारचे पेशंट अ गटात आणि मंगळवारचे ब गटात याला रँडमायझेशन म्हणत नाहीत. एक आड एक पण नाही. कारण पुढचा कुठल्या गटात जाणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, आणि मग नकळत आपण त्रासदायक पेशंट पुढे ढकलतो. कॉम्प्युटरवरून ब्लॉक रँडमायझेशनची यादी काढा, दुसऱ्या कुणाकडून तरी नंबर टाकलेल्या, आतलं न दिसणाऱ्या पाकिटांत भरून घ्या, आणि पाकीट संमती झाल्यावरच फोडा. शेवटच्या व्हिजिटला मोजणारा माणूस वेगळा असेल, त्याला गट माहीत नसेल, तर फारच छान. को-पीजीला चहा पाजा आणि हे काम लावा.

पायरी ५: कागदपत्रं

सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), डिपार्टमेंट, सायंटिफिक कमिटी, एथिक्स कमिटी, विद्यापीठ. क्रम आणि तारखा प्रत्येक कॉलेजात थोड्या वेगळ्या असतात, परिपत्रक स्वतः वाचा, "सिनियर म्हणाला होता" यावर राहू नका. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर, म्हणून नाशिकच्या पोरांना उगाच वाटतं की शेवटच्या दिवशी गाडी काढून जाऊन येऊ. विद्यापीठ जवळ असलं म्हणून कॉलेजातल्या सह्या लवकर होत नाहीत. टायटल एकदा गेलं की बदलायला भारी कटकट, तेव्हा टायटलमध्ये आकडे आणि मोठमोठ्या गोष्टी घालू नका.

रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स पीजीला कंपल्सरी आहेच, तो सिनॉप्सिस लिहायच्या आधी करा, नंतर केला तर आपण काय काय चुकीचं लिहिलंय ते कळून फक्त वाईट वाटतं.

सीटीआरआय विसरू नका. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, २००७ पासून आहे, फुकट आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंदणी झाली असेल तरच घेतात. आधी पेशंट घेऊन मग नोंदवू, हे चालत नाही. फॉर्म लांबलचक आहे, ते शंका काढून परत पाठवतात, आपण उत्तर देतो, यात आठवडे जातात, म्हणून एथिक्सचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात बसा. एथिक्सचं पत्र आणि रजिस्ट्रेशन नंबर यायच्या आधी घेतलेला एकही पेशंट मोजायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

पायरी ६: संमती. इथे घाई करू नका

संमतीपत्र म्हणजे सही घ्यायचा कागद असं समजून आपल्याकडे सगळ्यात जास्त पाट्या इथेच टाकल्या जातात. इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून केलेलं मराठी संमतीपत्र वाचून बघा कधी: "प्रस्तुत संशोधनामध्ये आपणांस यादृच्छिक पद्धतीने गटामध्ये समाविष्ट करण्यात येईल." कळवणच्या शेतकऱ्याला सोडा, मला तरी पहिल्या वाचनात कळलं नसतं. असं लिहा ना: "तुम्हाला दोनपैकी कुठला स्प्रे मिळणार ते आम्ही ठरवणार नाही, बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरेल. दोन्ही स्प्रे या आजाराला नेहमी वापरतात. नाही म्हणालात तरी तुमचा इलाज इथेच, असाच होईल. मधेच सोडावंसं वाटलं तर सोडा, कारण सांगायची गरज नाही." आणि एथिक्स कमिटीतल्या डॉक्टर नसलेल्या सदस्याला आधी वाचायला द्या, ते बरोबर अडतात तिथे अडतात.

आपल्या पेशंटपैकी बरेच जण म्हणतात, "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसं." ही संमती धरू नका. ॲप्रन घातलेल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नसते लोकांना. त्यांना विचारा, "घरी गेल्यावर विचारलं दवाखान्यात काय सांगितलं, तर काय सांगाल?" मावशींनी आपल्या शब्दांत सांगितलं की दोन औषधांचं तपासून बघतायत, मला कुठलंही मिळू शकतं, आठवड्याने परत यायचंय, तर समजलं. "चांगलं औषध फुकट देणारेत" असं सांगितलं तर परत पहिल्यापासून समजवा. मालेगावचा पेशंट असेल तर उर्दू किंवा हिंदी प्रत हाताशी ठेवा. बागलाण-कळवणकडचे लोक अहिराणी बोलतात, त्यांना मराठी कागद चालतो पण समजावणारी नर्स किंवा वॉर्डबॉय अहिराणी बोलणारा मिळाला तर माणूस मोकळा होतो, हे लगेच दिसतं.

नियमाच्या गोष्टी: सही करता येत नसेल तर अंगठा, आणि अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार. लहान मूल असेल तर आई-वडिलांची संमती, शिवाय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ ची लेखी होकार. टॉन्सिल आणि वाहणाऱ्या कानाच्या अभ्यासात हे रोज लागतं. एक प्रत पेशंटला द्यायचीच. आणि फक्त अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत, कुठल्याच नावाखाली. यायचं भाडं द्यायचं असेल तर एथिक्सच्या अर्जात रक्कम लिहा, चालतं.

ढोल पथकाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, पथकप्रमुख हो म्हणाला म्हणजे पोरं हो म्हणाली असं नाही. कंपनीतही तसंच, मॅनेजरच्या समोर कामगार नाही म्हणणार नाही, आणि रिपोर्ट मॅनेजरला दाखवायचा नाही हे आधी ठरवा आणि कामगाराला सांगा. कुणाच्या ऑडिओग्राममध्ये खड्डा दिसला तर त्याला बाजूला बोलावून नीट समजवायचं, ओपीडीत बोलवायचं, नुसता डेटा घेऊन पळायचं नाही.

पायरी ७: प्रोफॉर्मा

दोन पानं. तिसरं पान आलं की भरायचा कंटाळा येतो. जे विश्लेषणात वापरणार नाही ते विचारू नका. "हिस्टरी" म्हणून मोकळी जागा सोडण्यापेक्षा टिक करायचे चौकोन ठेवा. कानात गोडेतेल किंवा लसणाचं तेल टाकलं होतं का, आधी कुठले ड्रॉप चालू होते, हे विचाराच, कारण कल्चरला स्वॅब पाठवताना आधीचे अँटिबायोटिक ड्रॉप चालू असतील तर रिपोर्टवर विश्वास ठेवणं कठीण. पाच-सहा पेशंटवर भरून बघा, अडेल तिथे दुरुस्त करा, आणि हे पाच-सहा अभ्यासात मोजू नका.

पायरी ८: पेशंट परत आणणं

इथे नाशिकचं कॅलेंडर माहीत पाहिजे. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, जानेवारी ते एप्रिल तोडणी, मार्च-एप्रिलला उन्हाळ कांदा काढणी, जून-जुलैत पेरणी आणि भातलावणी. या दिवसांत शेतकरी आणि मजूर फॉलो-अपला येणार नाही, तुम्ही कितीही मोठ्या अक्षरात तारीख लिहा. सुरगाणा-पेठकडची कुटुंबं मजुरीला दिंडोरी-निफाडला येऊन राहतात, म्हणजे केसपेपरवरचा पत्ता एका तालुक्यातला आणि माणूस दुसऱ्या तालुक्यात. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा, "पुढच्या महिन्यात कुठे असाल?" या साध्या प्रश्नाने फार पेशंट वाचतात. दोन मोबाइल नंबर घ्या, एक घरच्या दुसऱ्या माणसाचा, आणि त्या दुसऱ्या माणसाला फोन केला तर चालेल का हेही विचारून घ्या. मोबाइल बहुतेक वेळा मुलाकडे असतो आणि तो कामावर, म्हणून फोन संध्याकाळी सातनंतर.

तारीख देताना त्यांना विचारून द्या. बाजाराच्या दिवशी गावातून गाडी निघतेच, त्या दिवसाची तारीख दिली तर येतात. आले की ताटकळत ठेवू नका, फॉलो-अपवाल्याला लाइनमध्ये उभं न करता बघून मोकळं करायचं, आणि हे ओपीडीच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवायचं. सिस्टरशी जमवून घ्या, तुमच्या गाइडपेक्षा जास्त पेशंट त्या आणून देतील!

डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमचे) तीन महिने पण धरा. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरला तुम्ही जिल्हा रुग्णालयात जाणार, तेव्हा इकडे डेटा कोण घेणार? ज्युनियरला आधीच शिकवून ठेवा आणि एथिक्सच्या अर्जात त्याचं नाव घाला. आणि ज्यांचं डेटा कलेक्शन २०२७ च्या पावसाळ्यात येतंय त्यांनी सिंहस्थ लक्षात ठेवा, पर्वणीच्या आसपास रस्ते बंद, पंचवटीतून गाडी हलणार नाही, आणि ड्युट्या कुठे लागतील याचा नेम नाही. त्या दिवसांत फॉलो-अप ठेवूच नका.

पायरी ९: एक्सेल आणि आकडे

रोज रात्री त्या दिवसाचे पेशंट भरा. एका पेशंटला एक रो, एका रकान्यात एकच गोष्ट, "उजवा ++ डावा ठीक" असलं काही नाही. नाव आणि फोन नंबरची फाइल वेगळी, पासवर्ड लावून, आणि मास्टर चार्टमध्ये फक्त कोड नंबर. पेशंटच्या एंडोस्कोपीचे फोटो डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट टाकायची सवय असेल तर ती आजच बंद करा.

सॉफ्टवेअरला खर्च नको, जामोवी फुकट आहे. टेस्ट कुठली ते प्रोटोकॉलमध्येच ठरलेलं असतं: प्रमाणांची तुलना असेल तर काय-स्क्वेअर, त्याच माणसाचं आधी-नंतर असेल तर पेअर्ड टी टेस्ट, आणि स्कोअर वेडेवाकडे पसरलेले असतील तर सरांना विचारा. पी व्हॅल्यू ०.०४ आली म्हणून नाचू नका आणि ०.०६ आली म्हणून रडू नका, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो ते) बघा आणि स्वतःला विचारा की एवढ्या फरकाने पेशंटला काही जाणवणार आहे का. दोन कान असलेला पेशंट एक मोजायचा की दोन, हे स्टॅटिस्टिक्सच्या सरांना पहिल्याच मीटिंगला विचारा, ईएनटीवाल्यांचा इथे हमखास घोळ होतो. एकाच माणसाचे दोन कान हे दोन वेगळे पेशंट नसतात.

पायरी १०: लिहिणं

रिव्ह्यू ऑफ लिटरेचर पहिल्या वर्षीच लिहून टाका, मेथड्स प्रोटोकॉलमधून येतं, शेवटी राहतं रिझल्ट आणि डिस्कशन. किती जणांना विचारलं, किती हो म्हणाले, किती शेवटपर्यंत आले, किती सुटले, याचा फ्लो चार्ट रिझल्टच्या पहिल्या पानावर द्या. सुटलेल्यांचा आकडा लपवू नका, परीक्षकाला तो बरोबर सापडतो. ट्रायल असेल तर कॉन्सॉर्ट, निरीक्षणाचा अभ्यास असेल तर स्ट्रोब, या चेकलिस्ट डाउनलोड करून एकेक मुद्दा टिक करत जा. कॉपी-पेस्ट सॉफ्टवेअर पकडतंच, आणि एआयकडून लिहून घेतलेले रेफरन्स तर एकेक उघडून बघा, कधी कधी ते पेपर अस्तित्वातच नसतात.

पेपर पाठवायचा असेल तर असोसिएशन ऑफ ओटोलॅरिंगोलॉजिस्ट्स ऑफ इंडियाचं इंडियन जर्नल आहे, तिथून सुरुवात करा. "डिअर एमिनंट प्रोफेसर, सात दिवसांत छापू" असे मेल फर्स्ट इयरच्या रेसिडेंटला पण येतात, ते डिलीट करा. लेखकांची नावं आणि क्रम लिहायला बसायच्या आधी गाइडशी बोलून ठरवा, आणि ठरलं ते मेलवर टाकून ठेवा. सह्यांची मूळ संमतीपत्रं आणि प्रोफॉर्मे सबमिशन झालं म्हणून हॉस्टेलच्या माळ्यावर टाकायचे नाहीत, डिपार्टमेंटच्या कुलुपाच्या कपाटात ठेवायचे, यादी करून, आणि चावी कुणाकडे आहे ते जाताना पुढच्या बॅचला सांगायचं.